तिनाचे वीस प्रकार

बाबांचं शिवणकामाचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं आणि राहतं घर त्याच्याच पाठीमागे. मध्ये फक्त एक पडदा. तो पडदाही गिऱ्हाइकांच्या कापडातून उरलेल्या तुकड्यांचा, म्हणून आई त्याला ‘गावाची चिंधी’ म्हणायची. पडद्यापलीकडे बाबा सगळ्यांचे ‘मास्तर’, अलीकडे आले की नुसते बाबा. धाकट्या लेकीचंही आता तसंच झालं होतं. विद्यापीठात ती सांख्यिकीय भौतिकी शिकवायची. ती जिन्यातून येताना दिसली की विद्यार्थी बाजूला व्हायचे. पण पडद्याच्या आत पाऊल टाकलं की पन्नाशी उलटलेल्या, पांढऱ्या केसांच्या त्या बाईची पुन्हा ‘बारकी’ व्हायची.

त्या दिवशी सकाळी ती आली ती बाबांना घेऊन जायच्या तयारीनेच.

हिवाळ्यात बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी जिना बंद केला, आणि जिना बंद म्हणजे रस्ता बंद, दुकान बंद, माणसंही बंद. ताई दोन गल्ल्या सोडून राहायची. औषधांच्या दुकानातलं आपलं काम उरकून ती रोज संध्याकाळी यायची, स्वयंपाक करायची, बाबांचे पाय चेपायची, त्यांची बोलणी खायची आणि घरी जायची. बारकी यायची ती सुट्टीत. अठराव्या वर्षी शिकायला म्हणून घराबाहेर पडली ती पडलीच. आता मात्र तिच्या इमारतीत लिफ्ट होती, पूर्वेच्या खिडकीची एक खोली तिने रिकामी करून ठेवली होती, आणि त्या खोलीत बाबांची खुर्ची कुठे ठेवायची हे तिने मनात कधीच ठरवून टाकलं होतं. आयुष्यभर बाबा ताईच्या वाट्याला आले. आता उरलेली वर्षं तरी आपली, असं तिला वाटत होतं. वाटत कसलं, तिला ती हवीच होती.

“माझ्याकडे तळमजल्यावर खोली आहे,” ताई म्हणाली. “उंबरासुद्धा नाही मध्ये.”

“माझ्याकडे लिफ्ट आहे.”

“लिफ्ट बंद पडते.”

“तुझ्या तळमजल्यावर ओल येते.”

“मला असं दोन्ही बाजूंनी ओढू नका,” बाबा खुर्चीतून म्हणाले. “उसवीन.”

“मग तुम्हीच सांगा, बाबा.”

“मी कुणाचंही नाव घेणार नाही. एकीचं घेतलं तर दुसरी मी मरेपर्यंत तोंड वाकडं करील. आणि मला अजून बरंच जगायचंय.” त्यांनी कपाटाकडे बोट केलं. “बटणं काढा. जिचा आकडा पडेल तिच्याकडे मी जाणार. दोन किंवा चार पडले तर पुन्हा टाकायची.”

दोघी बहिणी एकमेकींकडे बघून हसल्या. किती वर्षांनी बटणांचं नाव निघालं होतं.

ती सहा बटणं एका ओव्हरकोटाची. कोट शिवायला टाकून गिऱ्हाईक जे गेलं ते परत आलंच नाही. पुढे कोटाचं काय झालं कुणाला आठवत नव्हतं, पण बटणं राहिली. मोठी, जड, वरून पांढरी शुभ्र आणि मागून काळपट. मुली लहान असताना रात्रीची भांडी कोणी घासायची यावरून घरात रोज तमाशा व्हायचा. आई शाळेत गणित शिकवायची. घरी आल्यावर तिच्या अंगात न्यायाधीश व्हायचं त्राण उरलेलं नसायचं. एके दिवशी ती म्हणाली, “काहीतरी टाकून ठरवा आणि मला झोपू द्या.”

तेव्हा ताईने नियम काढला. सहा बटणं मुठीत घेऊन कापड बेतायच्या टेबलावर टाकायची आणि पांढरी किती पडली ते मोजायचं. एकही नाही, एक, पाच किंवा सहा पडली तर भांडी ताईने घासायची. दोन किंवा चार पडली तर बाबांनी. आणि तीन पडली तर बारकीने.

“मला चार आकडे, तुला एकच,” ताई म्हणाली होती. “लहान आहेस म्हणून.”

बारकी हरखून गेली होती. ताई इतकी प्रेमळ आहे हे तिला तोवर माहीतच नव्हतं. पण पहिल्याच आठवड्यात तीन पडले, मग पुन्हा पडले. कोपरापर्यंत साबण माखलेली बारकी रडत रडत आईपुढे जाऊन उभी राहिली. “मला एकच आकडा आहे, तरी माझाच येतो!”

आई वह्या तपासत होती. तिने मान वर न करता सांगितलं, “रडून काय होणार? मोजून बघ.”

“काय मोजू?”

“तीन पांढरी किती प्रकारांनी पडू शकतात ते. बटणं सगळी सारखी दिसतात म्हणून फसू नकोस. प्रत्येकाला वेगळं धर.”

बाबांनी तिला कापडावर खुणा करायचा चपटा खडू दिला. सहाही बटणांच्या भोकांतून त्यांनी वेगवेगळ्या रंगाचे दोरे ओवले, म्हणजे कुठलं बटण कुठलं ते कळावं. बारकीने कापडाचं अख्खं टेबल गोलांनी भरून टाकलं. सहा गोलांची एक ओळ, त्यातले काही भरीव, काही पोकळ. एकही पांढरं नाही, असा प्रकार एकच. एकच पांढरं असेल तर सहा प्रकार, कारण ते सहांपैकी कुठलंही असू शकतं. दोन पांढरी असतील तर पंधरा. आणि तीन पांढरी असतील तर वीस! तिथून पुढे आकडे पुन्हा तसेच उतरत जात होते, पंधरा, सहा, एक. सगळे मिळून चौसष्ट. त्यातले ताईच्या चार आकड्यांना मिळून चौदा, आणि तिच्या एकट्या तिनाला वीस.

त्या दुपारी दुकानात एक गिऱ्हाईक माप द्यायला उभं होतं. बाबांनी त्याला थांबवून ठेवलं, कारण टेबल अडलेलं होतं. “जरा दम धरा,” ते म्हणाले. “घरात चोर सापडलाय.”

ताईचे कान लाल झाले होते. शाळेत नाणी उडवायचं कोष्टक शिकून आल्यावरच तिने तो नियम काढला होता. आईने त्याच दिवशी बटणं उचलून ठेवली आणि भांड्यांच्या सरळ पाळ्या लावून दिल्या. पण तेव्हापासून ताई घरात ‘डांबीस’ ठरली ती ठरलीच. लग्नकार्यात, पाहुण्यांपुढे, जावयांपुढे ही गोष्ट निघायची, सगळे हसायचे आणि ताईही हसायची.

आणि बारकीला तर त्या दुपारने आयुष्यभराचा उद्योग दिला. दरवर्षी नव्या वर्गापुढे उभी राहिली की ती पहिल्या तासाला हीच गोष्ट सांगायची. ‘तीन पांढरी’ ही झाली स्थूल अवस्था, बाहेरून बघणाऱ्याला दिसते ती. कुठली तीन, हे सांगितलं की ती सूक्ष्म अवस्था. एका स्थूल अवस्थेच्या पोटात अशा किती सूक्ष्म अवस्था आहेत ते मोजायचं, त्याला एकूण प्रकारांनी भागायचं, झाली त्या अवस्थेची संभाव्यता. मग सहा बटणांच्या जागी खोलीभर हवेतले रेणू घ्यायचे. सगळे रेणू एका कोपऱ्यात जाऊन का बसत नाहीत? कुणी मनाई केलेली नाही, पण तसे प्रकार इतके थोडे आहेत की वाट बघणाऱ्याचं आयुष्य पुरत नाही. मुलं रेणू विसरायची, पण डांबीस ताई विसरायची नाहीत. एकदा ताईच्या औषधांच्या दुकानात कोणी तरुण खोकल्याचं औषध घ्यायला आला आणि बोलता बोलता ओळख निघाल्यावर म्हणाला, “म्हणजे त्या डांबीस ताई तुम्हीच?” ताईने त्याला औषध दिलं आणि दोन दिवस बारकीशी फोनवर बोलली नाही.

“तीन हिचाच असू दे,” ताई आता म्हणाली. “जुनाच नियम. माझे चार आकडे मला, तिचा तीन तिला.”

“ताई, अगं…”

“तोच जास्त पडतो ना? जगाला शिकवतेस की तू.” ताईने पदर खोचला. “तुला बाबा हवेत, हे काय मला दिसत नाही? लहानपणी मी तुझ्या वाट्याला जास्तीची भांडी घातली. आता जास्तीचे बाबा घे.”

“मी जास्तीचा?” बाबा म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा हो. मी चहा टाकते, मग टाकू बटणं.” ताई पडद्याआड गेली.

बारकीला गहिवरून आलं, आणि लगेच मनातल्या मनात तिने हिशोबही करून टाकला, कारण तिला तशी सवयच होती. दोन आणि चार सोडून दिले तर उरतात चौतीस प्रकार. त्यातले वीस आपले. शंभरात साठाच्या आसपास. पूर्वेच्या खिडकीत बाबांची खुर्ची तिला स्पष्ट दिसली.

तिने कपाट उघडलं. खणात बॉबिनी होत्या, मोडक्या कात्र्या होत्या, मापाच्या टेपचा गुंडाळा होता, आणि तळाशी ती बटणं. दोरे कधीच गळून गेले होते. कापडाच्या टेबलावर हात फिरवताना गरम इस्त्रीखालच्या ओल्या लोकरीचा वास येईल असं तिला उगाच वाटलं, पण आला नाही. टेबलावर नुसती धूळ होती. फडकं मारून तिने सहज बटणं टाकली.

पाच.

पुन्हा टाकली. चार. मग पुन्हा पाच. मग सहा.

सहाही पांढरी! बाबांना दाखवावं म्हणून ती वळली, तर ते डोळे मिटून मान टेकून बसले होते. ती पुन्हा टाकत राहिली. दहा-वीस वेळा टाकून काहीच सिद्ध होत नाही, हे ती विद्यार्थ्यांना ओरडून सांगायची. म्हणून तिने खडू घेतला आणि टेबलाच्या कडेला आकडे लिहून त्यांच्यापुढे रेघा ओढायला सुरुवात केली. आत ताईने चहात आलं किसलं, कप विसळले, कुणाशी तरी फोनवर बोलली. बाहेर रेघा वाढत गेल्या. चारापुढे सर्वांत जास्त, पाचापुढे जवळजवळ तितक्याच. तीन मात्र बरेच मागे रेंगाळत होते. एकही नाही आणि एक, यांच्यापुढची जागा कोरी होती.

तिने एक बटण उचलून डोळ्यांसमोर आडवं धरलं. पांढरी बाजू फुगीर होती, चष्म्याच्या जाड भिंगासारखी. मागची बाजू सपाट. सपाट बाजूवर पडलं की बटण बसून जायचं. फुगीर बाजूवर पडलं की डुलायचं, आणि जरा निमित्त मिळालं की उलटायचं. सगळ्या रेघा मिळून ती पांढऱ्यांचं प्रमाण काढत गेली. एक बटण शंभरात सत्तर वेळा पांढरं पडत होतं. पन्नास वेळा नव्हे.

ती स्टुलावर बसली.

दरवर्षी ती फळ्यावर लिहायची, ‘प्रत्येक सूक्ष्म अवस्था सारखीच संभवनीय’, आणि खाली ठसठशीत रेघ मारून सांगायची, हे गृहीतक आहे, प्रत्येक वेळी तपासून घ्या. वायूच्या बाबतीत ते तपासलेलं होतं. स्फटिकांच्या बाबतीत तपासलेलं होतं. पण या सहा बटणांच्या बाबतीत तिने, आईने, ताईने, कुणीच ते तपासलं नव्हतं. नऊ वर्षांच्या पोरीने चौसष्ट प्रकार काढले आणि सगळ्यांना एकच वजन दिलं. आईने शाबासकी दिली आणि टेबल पुसून टाकलं. तेव्हापासून ती ते प्रकार मोजत आली होती, पण बटणं टाकून बघितली नव्हती.

आता तिने वजनं बदलून पुन्हा मांडलं. सहाही पांढरी, हा एकुलता एक प्रकार, हजारात एकशे सतरा वेळा पडणार. आणि तिनाचे वीसच्या वीस प्रकार मिळून जेमतेम एकशे पंच्याऐंशी वेळा. ताईचे चार आकडे मिळून चारशेच्याही वर. म्हणजे आज बाबा आपल्याकडे यायची शक्यता साठ नाही. शंभरात तीस.

आणि दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली ती यानंतर. त्या दिवसांत ताई भांडी घासत होती. बारकीच्या दुप्पट घासत होती. बारकीला आठवत होती ती फक्त तिची स्वतःची साबणाची कोपरं, कारण बाकीच्या दिवशी ती पडद्याच्या बाहेर, या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात बसून खेळत असायची. आत भांड्यांचा आवाज येत असायचा. कोण घासतंय ते बघायला ती कधी उठली नव्हती.

“चहा,” म्हणत ताई पडदा सारून आली. बाबांनी डोळे उघडले. तिने सगळ्यांच्या हातात कप दिले. “हं. टाक आता.”

खडूच्या रेघांवर बारकीने नकळत फडकं ठेवलं. “ताई,” ती म्हणाली, “आज तीन तू घे. तुझे चार आकडे मला दे.”

ताई बघतच राहिली. “अगं पण मग… तुला हवेत ना बाबा?”

“असू दे.”

ताईने कप खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले. “इतकी मोठी कधी झालीस गं तू?” असं म्हणून तिने बहिणीच्या गालावरून हात फिरवला. हात ओलसर होता, नुकताच कप विसळलेला.

बारकीच्या मुठीत बटणं होती. फक्त मूठ उघडायची होती. शंभरात सत्तर वेळा बाबा तिचे होते. ताईला कधी कळलं नसतं, उलट जन्मभर ती हेच सांगत फिरली असती की बारकीने चांगला आकडा मला दिला.

तिने बटणं टेबलावर ठेवली, टाकली नाहीत.

“खोटं बोलले मी,” ती म्हणाली. “बस जरा. तुला दाखवते.”

तिने फडकं उचललं. रेघा दाखवल्या, बटण आडवं धरून त्याचं पोट दाखवलं, आणि मग वर्गात सांगते त्याच क्रमाने सगळं सांगितलं. फक्त आवाज वर्गातला नव्हता. ताईने मधे एकदाच विचारलं, “म्हणजे चार आणि पाचच जास्त?” बारकीने मान डोलावली.

“तरी म्हटलं,” ताई हळूच म्हणाली.

“काय?”

“मला वाटायचं, माझंच नशीब फुटकं. चार आकडे घेतले ते कमी पडतील म्हणून, आणि रोज मीच मोरीत. कुणाला सांगणार? लबाडी केली आणि ती जमत नाहीये, असं आईला जाऊन सांगू?” तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिने डोळ्यांना पदर लावला. “आणि वर तू मला डांबीस म्हणत जगभर फिरलीस. मीही ऐकून घेतलं. म्हटलं, केलंय तर खरं आपण. पोरीला फसवलंय.”

“डांबीस तर होतीसच,” बाबा म्हणाले. “फक्त जमलं नाही.”

“तुम्ही बोलू नका. तुम्हाला माहीत होतं?”

“मला काय माहीत? चारचा मारा माझ्यावर होता. मी आपला मुकाट घासत होतो. माझी कुणी कधी दया केली?”

तिघंही हसली. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“आता नाणी आणूया,” बारकी म्हणाली. “सपाट. दोन्ही बाजूंनी सारखी. मग टाकू.”

ताईने सहाही बटणं एका हाताने गोळा केली आणि बाबांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

“नाही टाकायचं,” ती म्हणाली. “तीन तुला दिला तो मी तुला फसवलं म्हणून. ती फसवणूक झालीच नाही. मग बाबा माझ्याकडे येतील. मला हवेत ते. रोज संध्याकाळी जिना चढताना मला काय वाटतं, ते तुला नाही कळायचं. आता नाही आले तर मी कुठे जाऊ संध्याकाळी?”

बारकीने बाबांकडे बघितलं. नाव घेणार नाही म्हणालेले बाबा नाव घेत नव्हतेच, पण त्यांचा उजवा पाय खुर्चीखाली चपला शोधत होता.

बारकी खाली वाकली आणि तिने चपला त्यांच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या.

“सुट्टीत मी येणार,” ती म्हणाली. “महिनाभर.”

“ये ना. त्या खोलीत दोन खाटा मावतात,” ताई म्हणाली. “आणि भांडी तू घासायची.”

खाली गाडीवाला थांबला होता. बारकीने सांगितल्याप्रमाणे त्याने मागच्या सीटवर दोन उशा ठेवल्या होत्या. बारकीने खिडकीतून हाक मारून सांगितलं की परत जाताना ती एकटीच असेल, पण त्याआधी दोन गल्ल्या पलीकडे एकांना सोडायचं आहे. मग ती आत आली. ताईने बाबांना एका बाजूने धरलं होतं. दुसरी बाजू रिकामी होती. बारकीने तिथे खांदा दिला, आणि बाबा उठले.